घाटाखालचा मराठी मुलूख : पांढुर्णा आणि सौंसर

आपण गोमंतकीय माणसे प्रवासाला निघतो तेव्हा एक तर तीर्थक्षेत्र गाठतो, नाहीतर थंड हवेचे ठिकाण. नागपूरपर्यंत गेलो तर दीक्षाभूमी, रामटेक आणि फार तर पेंचचा वाघ पाहून परततो. नागपूरच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर सौंसर आहे आणि वायव्येला शंभरेक किलोमीटरवर पांढुर्णा. या दोन्ही गावांच्या बाजारात मराठी ऐकू येते, घराघरात पोळा साजरा होतो, दुकानावरची पाटी मात्र हिंदीत असते, कारण महाराष्ट्राची हद्द मागे राहिलेली असते. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वेगळ्या जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये 'पांढुर्णा' हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. मध्यप्रदेशातले सर्वांत नवे जिल्हे दोन, मैहर आणि हा.

परदेशात, विशेषतः आयर्लंडसारख्या छोट्या देशात, ग्रामीण जिल्हा पाहायला जाणे ही एक रीतच आहे. तिथल्या केरी परगण्याचे उदाहरण घ्या. लोक तिथे डोंगरातून दोनशेहून अधिक किलोमीटरची पायवाट तुडवायला जातात, किलार्नीजवळच्या मक्रॉसच्या बागा पाहतात, समुद्रातल्या स्केलिग मायकल बेटावरचा प्राचीन ख्रिस्ती मठ पाहतात. मोकळी हवा, बागा आणि वारसा अशी तिन्ही सुखे एकाच परगण्यात मिळतात. आपल्याकडे अशा नजरेने तालुक्याकडे कोणी पाहत नाही. पांढुर्णा-सौंसरकडे तर मुळीच नाही. हा मुलूख देशाला माहीत आहे तो वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा दूरदर्शनच्या वाहिन्यांवर तिथली दगडफेक दाखवतात. त्या गोटमारीविषयी पुढे लिहायचेच आहे. पण गोटमारीपासून सुरुवात केली की बाकीचे काही दिसतच नाही, म्हणून आधी भूमी पाहू.

छिंदवाडा हे सातपुड्याच्या पठारावरचे शहर. तिथून दक्षिणेला निघाले की सिलेवानीचा घाट लागतो आणि घाट उतरला की सौंसरचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश सुरू होतो. घाटावर हिंदी आणि गोंडी, घाटाखाली मराठी, अशी ही ढोबळ वाटणी आहे. पश्चिमेला मुलताईचे पठार. तापी तिथे उगम पावून अरबी समुद्राकडे जाते, वर्धा त्याच पठारावरून निघून दक्षिणेला वळते. पांढुर्ण्याची नदी जाम. ती सौंसरच्या बाजूला वाहत जाते आणि तिचे पाणी पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. म्हणजे पांढुर्ण्याच्या पुलाखालून गेलेले पाणी अखेर राजमहेंद्रीजवळून बंगालच्या उपसागराला जाते. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास एकदा जरूर करून पाहावा. राज्यांच्या सीमा आणि नद्यांच्या वाटा यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असतो ते कळते.

ही काळी माती दख्खनच्या लाव्हाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत होते, आणि दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, झाडे वाढत, पुन्हा गाडली जात. छिंदवाड्याजवळ, घाटाच्या वर, मोहगाव कलाँ नावाचे गाव आहे (सौंसरजवळचे मोहगाव वेगळे, त्याचा उल्लेख पुढे येईल). या मोहगाव कलाँच्या गारगोटीत दगड झालेली फळे, फुले, खोडे सापडली. प्रा. बिरबल सहानी यांनी १९३४ साली तिथल्या एका फळाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३७ साली सहानी आणि के. पी. रोडे यांनी त्या वनस्पतींवर सविस्तर निबंध लिहिला. या जीवाश्मांत निपा जातीच्या ताडाचे फळ आहे. निपा हा खाडीतला, खारफुटीतला ताड. आज तो सुंदरबनात दिसतो. चोडणच्या खारफुटीत हिंडलेल्या गोंयकाराला याचा अर्थ सांगायला नको. जिथून आज दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहेत, तिथे कधीकाळी खाऱ्या पाण्याची चाहूल होती. या मुलखातली पहिली बाग ती, आणि ती दगडात आहे.

मानवी इतिहासाचा पहिला ठळक पुरावा मात्र तांब्यावर कोरलेला आहे. पांढुर्णा येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले. ते त्याच्या राज्यवर्ष २९ चे आहेत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे. प्रवरसेन हा प्रभावतीगुप्ता हिचा मुलगा आणि सम्राट दुसरा चंद्रगुप्त याचा नातू. वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एकत्र करून, वाचून, १९६३ साली ग्रंथरूपाने सिद्ध करण्याचे काम महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले, आणि त्या ग्रंथात पांढुर्ण्याचे ताम्रपटही आहेत. मिराशी आपल्या शेजारचे, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी १८९३ साली जन्मलेले. कोकणातला मुलगा नागपूरला जाऊन स्थिरावला आणि विदर्भाच्या विस्मृतीत गेलेल्या राजवंशाला त्याने पुन्हा उजेडात आणले. मराठीतून त्यांनी वाकाटकांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. हे दानपत्र संस्कृतात आहे. पण त्याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे काव्य आहे आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे जिच्या वंशात पुढे आपली मराठी आली त्या भाषेत. रामाने समुद्रावर सेतू बांधल्याची कथा त्यात आहे. वानरांनी उचलून फेकलेल्या डोंगरांचा आणि शिळांचा तो सेतू. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागेल.

वाकाटकांनंतर राष्ट्रकूटांचा अंमल या भागावर होता. मध्ययुगात देवगडच्या गोंड राजांचे राज्य आले. (हे देवगड आपले कोकणातले नव्हे. छिंदवाड्याजवळच्या डोंगरात त्याचा किल्ला आजही उभा आहे.) त्या घराण्यातल्या बख्त बुलंद राजाने १७०२ साली नागपूर वसवले असे मानतात. म्हणजे आज ज्या शहराला पांढुर्णा-सौंसरचे लोक आपले मोठे शहर म्हणतात, ते शहर वसवणारा राजा घाटावरचाच. पुढे अठराव्या शतकात गोंड राजघराण्यात वारसाचे भांडण झाले, त्यात रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि सत्ताधीश होऊन राहिले. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेली, १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्य खालसा केले आणि १८६१ साली 'मध्यप्रांत' नावाचा इंग्रजी प्रांत तयार झाला. नागपूर त्याची राजधानी. सौंसर हा छिंदवाडा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका झाला आणि पांढुर्णा त्या वेळी त्याच तालुक्यात होते.

आता बागा. पांढुर्ण्याहून सौंसरकडे किंवा वरुडकडे कुठल्याही रस्त्याने निघा, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा दिसतील. नागपुरी संत्र्याची कलमे नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून आणवली अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. राजाच्या बागेतले झाड शेतकऱ्याच्या शेतात आले आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, पांढुर्णा, सौंसर असा एक सलग संत्रापट्टा तयार झाला. त्यातले पहिले चार तालुके महाराष्ट्रात, शेवटचे दोन मध्यप्रदेशात. झाड एकच, माती एकच, व्यापारीही पुष्कळदा एकच. 'नागपुरी संत्रा' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या कुळागरात माड, पोफळ, मिरी, केळ, जायफळ असा एकत्र संसार असतो आणि पाटाचे पाणी वर्षभर खेळत असते. संत्र्याच्या बागेचा हिशेब याच्या नेमका उलट. तिथे पाणी देण्याइतकेच पाणी तोडण्याला महत्त्व आहे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात, झाडे ओळीने, सहा मीटरच्या आसपास अंतरावर लावतात, आणि चार-पाच वर्षांनी ती फळावर येतात. मग दरवर्षी शेतकरी झाडाला 'ताण' देतो. म्हणजे काही आठवडे पाणी बंद करतो. पाने मलूल होतात, झाड जणू मरणाच्या भीतीने पुढच्या पिढीची तयारी करते, आणि पाणी सोडले की एकदम फुलून येते. डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत जो बहर येतो तो आंबिया, त्याचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबर मिळते. मे महिन्याच्या उन्हात ताण बसून पावसाच्या पहिल्या सरींवर फुलतो तो मृग बहार, त्याचे फळ फेब्रुवारीपासून पुढे. आंबिया आंबटगोड, मृग अधिक गोड असे तिथले जाणकार सांगतात. फुलोऱ्याच्या दिवसांत या बागांतून चालणे हा मोठा आनंद असतो. सगळ्या रानाला त्या पांढऱ्या फुलांचा वास सुटलेला असतो.

पण बागेचा आनंद पाहुण्याला, काळजी मालकाला. खोडातून डिंक गळायला लागला की शेतकऱ्याची झोप उडते, कारण तो बुरशीजन्य रोग मुळाशी पोचलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत हिरवी फळे गळून झाडाखाली सडा पडतो. शेजारच्या वरुड-मोर्शीत विहिरी आणि बोअर इतके खोल गेले की भूजलाचा प्रश्न हा तिथला कायमचा विषय झाला. बाग पुष्कळदा झाडावरच व्यापाऱ्याला उक्ती विकली जाते. बांगलादेश हे या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक होते. त्या देशाने गेल्या काही वर्षांत आयातशुल्क वाढवत नेले आणि त्याचा फटका थेट बांधावर बसला. राजाने हौसेने आणलेल्या झाडाचे भवितव्य आज ढाक्याच्या अर्थखात्यात ठरते आहे.

रेल्वेने या दोन गावांना दोन वेगळी आयुष्ये दिली. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, कुकडीखापा, उमरानाला अशी तिची स्टेशने. कुकडीखाप्याजवळ गाडी डोंगरात शिरे आणि पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला लोक मुद्दाम त्या गाडीने जात. दीडशे किलोमीटरला जवळजवळ दिवस घालवणारी ती गाडी १ डिसेंबर २०१५ पासून बंद झाली. आता त्याच मार्गावर मोठी रेल्वे धावते. छोट्या गाडीची इंजिने आणि डबे ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी नागपूरच्या मोतीबागेतले रेल्वे संग्रहालय पाहावे. पांढुर्णा मात्र नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आले, जो पुढे दिल्ली-चेन्नई मार्गाचा कणा झाला. कापूस आणि संत्री वाहून नेण्याची सोय झाली, बाजारपेठ वाढली. सौंसरच्या बाजूला १९९१ पासून रेमंडची कापड गिरणी आहे. कापूस पिकवणाऱ्या आणि हातमागाची जुनी परंपरा असलेल्या मुलखात लोकरी कापडाची गिरणी आली हाही काळाचा एक विनोदच.

भाषेचा प्रश्न आपल्याला जवळचा, म्हणून त्यावर थोडे अधिक. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो सगळा मराठीला वाहिलेला आहे. त्यात कोकणीला मराठीची बोली म्हणून घातले, यावरून गोव्यात किती शाई आणि किती घाम सांडला ते वेगळे सांगायला नको. त्याच खंडात नागपुरी मराठीचे वर्णन आहे आणि तिचा विस्तार नागपूरच्या आसपासच्या जिल्ह्यांत, छिंदवाड्याच्या दक्षिण भागापर्यंत दाखवला आहे. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी जिल्ह्याच्या हिशेबाने झाली. छिंदवाडा हा जिल्हा म्हणून हिंदीभाषक, त्यामुळे त्याचा मराठी तालुका त्याच्याबरोबर राहिला. मुलताई, भैसदेही, बऱ्हाणपूर यांचेही थोड्याफार फरकाने तेच झाले. त्या दिवसापर्यंत नागपूर ही या लोकांची राजधानी होती. दुसऱ्या दिवसापासून राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर परराज्यात.

सीमेपलीकडे राहिलेली मराठी माणसे म्हटली की आपल्याला बेळगाव, कारवार आठवते, आंदोलने आठवतात. पांढुर्णा-सौंसरची मराठी तशी गाजली नाही. ती शाळेच्या पुस्तकातून हळूहळू निघून गेली आणि घरात, शेतात, भजनात राहिली. मुलगा हिंदीतून शिकतो, आजीशी मराठीत बोलतो, नोकरीला नागपूरला जातो. आपल्याकडे १९६७ चा सार्वमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांनी भाषेचा प्रश्न घराघरात नेला. तिथे भाषेसाठी कोणी मतदान घेतले नाही. भाषा टिकवायला भांडण लागते की सवय पुरते, याचे उत्तर मला या मुलखाकडे पाहून पूर्ण मिळत नाही. पण सत्तर वर्षे परराज्यात राहूनही बैलाला 'बैल' आणि गोट्याला 'गोटा' म्हणणारी माणसे तिथे आहेत, एवढे खरे.

मोकळ्या हवेत हिंडायला हा मुलूख हिवाळ्यात उत्तम. सिलेवानीचा घाट, कन्हानचे पात्र, घाटाच्या पायथ्याची सागाची राने, सगळे चालत पाहण्याजोगे आहे. विदर्भात शेतात किंवा देवळाच्या आवारात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर खाण्याची पद्धत आहे, विशेषतः हनुमानाच्या नवसाला. सीमेच्या या बाजूलाही तीच चव. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची मूर्ती आहे. जाम आणि सर्पा या नद्यांच्या काठचे हे ठिकाण. शनिवारी-मंगळवारी दोन्ही राज्यांतून गर्दी लोटते. मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि मनाने आजारी असलेल्या माणसांना घेऊन त्यांचे नातेवाईक तिथे दिवसचे दिवस राहतात. त्यांना तीर्थाबरोबर डॉक्टरही मिळावा असे वाटल्याशिवाय राहत नाही. २०२३ मध्ये इथे 'हनुमान लोक' नावाच्या मोठ्या बांधकामाचे भूमिपूजन झाले. जवळच्या मोहगावचे अर्धनारीश्वराचे देऊळही पाहण्यासारखे आहे.

आता गोटमार.

श्रावण अमावास्येला पोळा. बैलांना न्हाऊ-माखू घालून, झूल चढवून, शिंगे रंगवून मिरवायचे. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात आणि मोठी माणसे काळी-पिवळी मारबत मिरवत नेऊन जाळतात, ईडा-पीडा घेऊन जा म्हणून तिला सांगतात. ही मारबतीची मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून चालत आली आहे. त्याच दिवशी शंभर किलोमीटरवर पांढुर्ण्यात जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मग दोन्ही बाजूंनी दगड सुरू होतात. पांढुर्ण्याच्या माणसांनी पाण्यात उतरून, कुऱ्हाडीने झाड तोडून झेंडा न्यायचा आणि सावरगावच्या माणसांनी त्यांना रोखायचे. झेंडा मिळाला की चंडीमातेच्या देवळात नेऊन अर्पण करतात आणि दगड थांबतात. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही तर दोन्ही गावे समेटाने झाड काढून देवीला नेतात.

कथा अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले. दोघे नदीत पोचले तोच एका काठावरून मुलीच्या माणसांनी दगड मारले, दुसऱ्या काठावरून मुलाच्या माणसांनी उत्तर दिले, आणि मधल्या मधे ती दोघे मेली. पुढे पश्चात्तापाने दोन्ही गावांनी देवीसमोर त्यांची पूजा केली. दुसरी हकीकत भोसल्यांच्या सैन्याची. नदीकाठी तळ होता आणि मध्ये झेंडा रोवून शिपाई दगडफेकीचा सराव करीत, त्याची पुढे रूढी झाली. पहिली कथा लोकांना अधिक प्रिय आहे, ते स्वाभाविकच. मला तिच्यात एक गोष्ट खुपते. जी कथा दोन निष्पाप जीव दगडांनी गेल्याच्या दुःखाची आहे, तिची आठवण दगड मारूनच केली जाते.

दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. डोकी फुटतात, डोळे जातात. वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या याद्या पाहिल्या तर १९५५ पासून डझनभराच्या आसपास माणसे मेली आहेत. १९७८ आणि १९८७ साली जमावाला आवरण्यासाठी पोलिसांनी गोळीबार केला, त्यातही माणसे दगावली. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू पुरवून पाहिले, लोकांनी ते बाजूला सारून पुन्हा दगड उचलले. गोफणीला बंदी, दारूला बंदी, जमावबंदी, कॅमेरे, रुग्णवाहिका, सगळे झाले. ज्या घरांतले माणूस गेले त्यांच्यासाठी पोळ्याचा दुसरा दिवस हा श्राद्धासारखाच, बाकीच्या गावासाठी तो सण. आज या दोन गावांत सोयरिकी आहेत. म्हणजे सासुरवाडीवर दगड मारायचा आणि संध्याकाळी तिथेच विचारपूस करायला जायचे.

याला रानटी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याआधी जग थोडे पाहावे. ज्या केरी परगण्यात आज लोक बागा पाहायला जातात, तिथे बॅलीयाच्या किनाऱ्यावर २४ जून १८३४ रोजी घोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी दोन तट काठ्या-दगड घेऊन भिडले. हरलेला तट नदीकडे रेटला गेला आणि वीसेक माणसे मेली, त्यांतली बरीच बुडून. आयर्लंडच्या जत्रांत अशा तटांच्या मारामाऱ्या हा तेव्हा नेमाचा कार्यक्रम होता. डब्लिनजवळच्या डॉनीब्रुकची जत्रा १२०४ च्या राजसनदेने सुरू झालेली, पण मारामारीसाठी एवढी बदनाम झाली की त्या गावाचे नाव इंग्रजीत दंगलीला प्रतिशब्द झाले. १८५५ मध्ये ती बंद केली गेली. या मारामाऱ्या एका हुकुमाने संपल्या नाहीत. धर्मगुरूंनी वेदीवरून निषेध केला, दारूबंदीची चळवळ आली, पोलीसदल उभे राहिले, आणि मग १८४५ नंतरच्या दुष्काळाने गावेच ओस पाडली. जत्रा मात्र सगळ्या बुडाल्या नाहीत. केरीतच किलोरग्लिनला दर ऑगस्टमध्ये डोंगरातला बोकड आणून त्याला राजा करण्याची जुनी जत्रा आजही भरते आणि कोणाचे डोके फुटत नाही.

आपल्या देशातले उदाहरण उत्तराखंडातल्या देवीधुऱ्याचे. तिथे राखीपौर्णिमेला बाराहीच्या देवळासमोर बग्वाळ नावाची दगडांची लढाई होते. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने दगडांना मनाई केली, तेव्हापासून फळे आणि फुले फेकतात. अधूनमधून दगड येतातच आणि माणसे जखमीही होतात, पण परंपरेने आपला हात बदलला हे महत्त्वाचे. आपल्या गोव्यात धिरयोवर नव्वदच्या दशकात न्यायालयाने बंदी आणली आणि तरी त्या चोरून भरतात. गावकऱ्यांच्या मनातून उतरल्याशिवाय केवळ बंदीने काय होते, ते आपण घरात पाहिले आहे. आणि गर्दी, श्रद्धा आणि निष्काळजीपणा एकत्र आले की काय होते, तेही आपण ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत पाहिले. दुसऱ्याच्या जत्रेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरलेला नाही.

मग पांढुर्ण्याने काय करावे? हे बाहेरच्याने सांगायचे नाही, पण त्या विधीतच एक वाट दिसते. गोटमारीचा खरा गाभा आहे पळसाचे झाड, झेंडा, देवी आणि दोन गावांचे संध्याकाळचे एकत्र येणे. झेंडा मिळाला नाही तर समेटाने न्यायचा, ही तरतूद परंपरेतच आहे. म्हणजे दगडांवाचून झाड देवीपर्यंत पोचू शकते हे पूर्वजांनीही मान्य केले होते. तो समेट सकाळीच झाला तर देवीचा काय अपमान होणार? बाहेरून आणलेला रबरी चेंडू लोकांना परका वाटला. स्वतःच्याच रूढीतला समेट परका वाटायचे कारण नाही.

दीड हजार वर्षांपूर्वी ज्या राजाने पांढुर्ण्यात सापडलेले दानपत्र दिले, त्याच्या काव्यातही दगड फेकले जातात, पण ते दोन किनारे जोडण्यासाठी. ही गोष्ट पांढुर्ण्यातल्या किती मुलांना शाळेत सांगितली जाते? नव्या जिल्ह्याला नवे कार्यालय मिळाले, नवे अधिकारी मिळाले. एक छोटे संग्रहालयही मिळावे, जिथे प्रवरसेनाच्या ताम्रपटाची प्रतिकृती, मोहगाव कलाँचे दगडी फळ, छोट्या रेल्वेचे एखादे तिकीट आणि संत्र्याच्या कलमाची रीत एका छपराखाली पाहायला मिळेल. कोणी पाहुणा पोळ्याला न येता डिसेंबरात आला, तर त्याला दाखवायला गावाकडे काहीतरी असेल.

जायचे असेल तर नागपूर गाठा. पांढुर्ण्याला रेल्वेने किंवा बैतूलच्या महामार्गाने जाता येते, सौंसरला छिंदवाड्याच्या रस्त्याने. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहार उतरत असतो, रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले असतात. विकणाऱ्याशी मराठीत बोला. तो आधी जरा चमकेल, गाव विचारेल, गोवा ऐकून हसेल, आणि मोजताना एखादे संत्रे वर टाकील.